इस्रायल आळीतील प्रार्थनामंदिर

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव गोरोबाकाकांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु संत गोरा कुंभारांच्या पूर्वी हजारबाराशे वर्षे हेच गाव 'तगर' या नावाने दूरदूरच्या देशांत गाजत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तीत तो सांगतो, की तगरचे जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे नेण्यात येते. कोकणातील चौल बंदराचाही त्याने उल्लेख केला आहे. तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते पावसाळी वाऱ्याचा फायदा घेऊन या किनाऱ्याला लागत, आणि घाटावरचा माल घेऊन परतत. तेरच्या उत्खननात रोमन धाटणीच्या वस्तू सापडल्या, त्या या व्यापाराच्याच खुणा होत.

अशा गलबतांतून माल येई, तशी माणसेही येत. सगळीच सुखरूप पोहोचत असत, असे मात्र नाही. चौलच्या उत्तरेस, अलिबागेजवळ नवगाव नावाचे गाव आहे. तेथल्या किनाऱ्याजवळ फार प्राचीन काळी एक गलबत खडकांवर आपटून फुटले, अशी कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. गलबतातील बहुतेक माणसे बुडाली. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढी मात्र कशीबशी किनाऱ्याला लागली. लाटांनी वाहून आणलेली आपल्या सोबत्यांची प्रेते त्यांनी त्याच किनाऱ्यावर पुरली. पुरुषांचा एक उंचवटा, स्त्रियांचा दुसरा. ही चौदा माणसे ज्यू म्हणजे यहुदी धर्माची होती. आपला देश सोडून ती का निघाली आणि नेमकी केव्हा आली, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी तो काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी बराच अलीकडचा. कथा मात्र सर्वांची एकच आहे. त्या चौदा जणांच्या वंशजांना 'बेने इस्रायल' असे म्हणतात. 'इस्रायलची मुले' असा त्या शब्दांचा अर्थ आहे.

समुद्राने या लोकांचे सर्वस्व नेले होते. त्यात त्यांचे धर्मग्रंथही गेले. हळूहळू आपली जुनी हिब्रू भाषा ते विसरले आणि मराठी हीच त्यांची भाषा झाली. किनाऱ्यावरच्या गावागावांतून ते पांगले. ज्या गावी राहिले, त्या गावाचे नाव त्यांनी घेतले : दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. मुलांची नावेही कोकणी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहामचा अबाजी झाला. त्यांच्या बायका लुगडी नेसू लागल्या आणि लग्नात मंगळसूत्र बांधू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे लोक आणि त्यांचे शेजारी यांत भेद म्हणून दिसत नसे.

तरीही एक भेद होता, आणि तो साऱ्या गावाला ठाऊक होता. बेने इस्रायल लोकांचा मुख्य धंदा तेलाच्या घाण्याचा. आठवड्यातून सहा दिवस त्यांचा घाणा फिरे. शुक्रवारी सूर्य मावळला, की थांबे. शनिवारी आकाशात चांदण्या दिसू लागेपर्यंत तो घाणा पुन्हा सुरू होत नसे. सातव्या दिवशी विश्रांती घ्यावी, चाकरानेही घ्यावी आणि जनावरानेही घ्यावी, अशी त्यांच्या धर्माची आज्ञा आहे. त्यामुळे त्या दिवशी घाण्याचा बैलसुद्धा गोठ्यात निवांत रवंथ करीत बसे. या चालीमुळे गावकऱ्यांनी या लोकांना नाव ठेवले 'शनवार तेली'. ज्यांना शनिवारी तेल लागेल, ते शुक्रवारीच घेऊन ठेवीत. त्यांच्या या धार्मिक चालीबद्दल कोकणात कोणी त्यांचा छळ केला नाही. जगातील अनेक देशांत ज्यू लोकांना धर्मापायी घरेदारे सोडून पळावे लागले. त्या इतिहासाच्या शेजारी कोकणातील ही साधी गोष्ट ठेवून पाहिली, म्हणजे तिचे मोल कळते.

ग्रंथ नाहीत, गुरू नाहीत आणि प्रार्थनेची जागाही नाही, अशा स्थितीत या लोकांनी कित्येक पिढ्या काढल्या. मग त्यांच्यापाशी राहिले तरी काय? शनिवारची विश्रांती राहिली. मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी करावयाची सुंता राहिली. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही असतील तोच मासा खावयाचा, हा नियम राहिला. आणि परमेश्वर एकच आहे, असे सांगणारी एक हिब्रू प्रार्थना राहिली. तिला 'शेमा' म्हणतात. जन्माच्या वेळी, लग्नाच्या वेळी, मृत्यूच्या वेळी, प्रत्येक प्रसंगी ते तीच प्रार्थना म्हणत. कारण त्यांना दुसरी येतच नव्हती.

पुढे दावीद रहाबी नावाचा एक ज्यू विद्वान कोकणात आला. हे लोक आपल्याच धर्माचे असावेत, असा त्याला संशय आला. परीक्षा पाहण्यासाठी, अशी कथा आहे, त्याने नाना जातींचे मासे आणून घरातील बायकांपुढे ठेवले आणि रांधावयास सांगितले. बायकांनी परांचे आणि खवल्यांचे मासे तेवढे निवडून घेतले. बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन तरुणांना हिब्रू वाचावयास शिकविले आणि धर्मकृत्यांची माहिती दिली. हे तरुण आणि त्यांचे वंशज 'काजी' म्हणून गावोगाव फिरून लग्ने लावू लागले आणि तंटे मिटवू लागले.

प्रार्थनेसाठी स्वतंत्र वास्तू मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभी राहिली नव्हती. ती प्रथम मुंबईत उभी राहिली, आणि ती बांधणाऱ्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. सॅम्युएल यहेज्केल दिवेकर, ज्यांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणत, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. जिवाची आशा उरली नव्हती. आपण सुटलो तर परमेश्वराचे प्रार्थनामंदिर बांधू, असा त्यांनी नवस केला, असे सांगतात. ते सुटले, मुंबईस परतले आणि १७९६ साली त्यांनी मांडवी भागात आपला नवस फेडला. त्या प्रार्थनामंदिराचे नाव 'शार हरहमीम', म्हणजे दयेचे द्वार. ते ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिराला जगभर 'सिनेगॉग' म्हणतात. परंतु कोकणातल्या या लोकांना तो शब्द ठाऊक नव्हता. ते आपल्या प्रार्थनामंदिरास सरळ 'मशीद' म्हणत. मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव या मशिदीवरूनच पडले, अशी एक समजूत आहे. अनेक प्रवासी रोज तेथे चढतात, उतरतात. या समजुतीची गोष्ट त्यांतील थोड्यांच्याच कानांवर आली असेल.

मुंबईनंतर कोकणातील गावांतून अशी मंदिरे उभी राहू लागली. रेवदंड्यास १८४२ साली, अलिबागेस १८४८ साली, पनवेलीस १८४९ साली. अलिबागेत बेने इस्रायल लोकांची वस्ती ज्या भागात होती, तो भाग 'इस्रायल आळी' म्हणून ओळखला जातो. तेथील प्रार्थनामंदिराचे नाव 'मागेन अबोथ', म्हणजे पूर्वजांची ढाल. त्याची हल्लीची इमारत १९१० सालची आहे.

प्रार्थनामंदिरात पाऊल टाकणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते हे, की तेथे मूर्ती नाही, चित्रही नाही. पश्चिमेच्या भिंतीशी एक मोठे कपाट असते आणि त्यावर भरजरी पडदा सोडलेला असतो. पश्चिमेचीच भिंत का? तर ज्यू लोकांची पवित्र नगरी जेरुसलेम आपल्या देशापासून पश्चिमेस आहे आणि प्रार्थना करावयाची ती तिच्याकडे तोंड करून. हीच प्रार्थना युरोपात करणारे लोक पूर्वेकडे तोंड करतात. कपाटापुढे एक दिवा अखंड तेवत ठेवतात. दिवाणखान्याच्या मध्यभागी कठडा असलेला एक उंच चौथरा असतो. त्यावर उभे राहून 'हझ्झान' म्हणजे प्रार्थना चालविणारा गृहस्थ सुरावर हिब्रू प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. पुरुष डोके झाकून बसतात. स्त्रियांची बसण्याची जागा निराळी असते. बहुधा ती वरच्या सज्जात असते. याशिवाय एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते. ती एलियाहू नावाच्या प्रेषिताची. तिच्यावर कोणी बसत नाही. मुलाच्या सुंतेच्या वेळी तान्ह्या बाळाला तेवढे क्षणभर तीवर ठेवतात.

पडद्याआडच्या कपाटात या मंदिराचा खरा ठेवा असतो. तो म्हणजे 'तोरा'ची गुंडाळी. तोरा हा ज्यू लोकांचा धर्मग्रंथ. तो पुस्तकासारखा बांधलेला नसतो आणि छापलेलाही नसतो. कमावलेल्या चामड्याचे तुकडे एकमेकांस शिवून लांबच लांब पट्टा करतात, त्यावर शाईने हाताने लिहितात आणि दोन लाकडी दांड्यांवर तो दोन्ही बाजूंनी गुंडाळतात. या ग्रंथात ३,०४,८०५ अक्षरे आहेत, अशी परंपरेने चालत आलेली गणती आहे. लिहिणाऱ्याने एखादे अक्षर गाळले किंवा चुकविले, तर ती गुंडाळी चूक दुरुस्त होईतो वाचनास चालत नाही. सुवाच्य अक्षर काढण्याचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्याने या लेखकांची आठवण जरूर ठेवावी! वाचताना चामड्याला बोट लागू नये, म्हणून वाचणारा एक छोटी चांदीची काठी ओळींवरून फिरवितो. तिच्या टोकाला बोट उगारलेल्या हाताचा आकार असतो. आणि पुष्कळ वर्षे वापरून गुंडाळी जीर्ण झाली, म्हणजे तिला टाकून देत नाहीत; माणसाला पुरावे तशी ती आदराने जमिनीत पुरतात.

ही गुंडाळी वाचण्यासाठी एक अट आहे, आणि ती या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. दहा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय तिचे जाहीर वाचन करता येत नाही. दहांच्या या मेळाव्याला 'मिन्यान' असे नाव आहे. एकट्या माणसाने घरी प्रार्थना करण्यास मुळीच हरकत नाही. नऊ माणसे जमली तर त्यांनी आपापली प्रार्थना म्हणावी. परंतु काही विशेष प्रार्थना आणि तोराचे वाचन यांसाठी दहाच हवेत. तेथे मोठा सावकार असो की घाण्यावरचा गडी असो, प्रत्येकाची गणती एकच. नऊ विद्वान एकत्र आले तरी ते नऊच. त्यांत अक्षरशत्रू असा दहावा येऊन बसला, म्हणजे मिन्यान पुरा होतो. प्रौढ कोणास म्हणावे, याचाही नियम ठरलेला आहे. ज्याला तेरा वर्षे पूर्ण झाली, तो प्रौढ. तेराव्या वाढदिवशी मुलगा प्रथमच चौथऱ्यावर चढून सर्वांसमक्ष वाचन करतो, घरी गोडधोड होते, आणि त्या दिवसापासून त्याची गणती दहांत होऊ लागते. बारा वर्षांच्या मुलाने कितीही चांगले वाचले तरी तो दहांत धरला जात नाही. जुन्या परंपरेच्या मंदिरांत स्त्रियांचीही गणती यात होत नाही.

वस्ती दाट होती त्या काळी दहांची चिंता कोणी करीत नसे. शुक्रवारी दुपारपासूनच इस्रायल आळीत लगबग सुरू होई. शनिवारी चूल पेटवावयाची नाही, म्हणून स्वयंपाक आधी उरकावा लागे. दिवेलागणीला पुरुष आणि मुले प्रार्थनामंदिरात जात. घरी परतल्यावर यजमान हातात पेला घेऊन आशीर्वाद म्हणे. इतर देशांत या पेल्यात द्राक्षाचा आसव असतो. कोकणात द्राक्षे कोठली? तेव्हा काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत करण्याची युक्ती येथल्या बायकांनी काढली, आणि ती अजून चालू आहे. मांस आणि दूध एकत्र खाऊ नये, असा आणखी एक नियम आहे. त्यालाही कोकणाने उत्तर दिले : नारळाचे दूध. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकात नारळाचे दूध व साखर घालून हलवा करतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना घाटावरच्या मुलांनी पाहिलाच असेल. तोच हा चीक.

त्यांच्या सणांची हिब्रू नावे विस्मृतीत गेली होती, तेव्हा लोकांनी त्यांना मराठी नावे दिली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. त्या दिवशी प्रार्थनामंदिरात मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग फुंकतात. त्यानंतर नव्या भाताच्या खिरीचा 'खिरीचा सण'. दहाव्या दिवशी सर्वांत कडक उपवास असतो. पांढरी वस्त्रे नेसून लोक दिवसभर प्रार्थनामंदिरात बसतात. वर्षभरात हातून घडलेल्या अपराधांची क्षमा परमेश्वरापाशी मागतात, आणि ज्या माणसाचा अपराध केला असेल, त्याची क्षमा त्याच माणसाकडे जाऊन आधी मागतात. सायंकाळी रणशिंगाचा एक दीर्घ नाद होतो आणि उपवास सुटतो. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांकडे जावयाचे. मग प्रार्थनामंदिराच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव घालतात आणि त्याला फळे टांगतात. जेरुसलेमचे प्राचीन मंदिर शत्रूंनी उद्ध्वस्त केले, त्या दिवसाचा शोक म्हणून पावसाळ्याच्या सुमारास आणखी एक उपवास येतो. तो सोडताना वालाचे बिरडे खातात, म्हणून कोकणात त्याचे नाव पडले 'बिरड्याचा रोजा'. या एका नावात मराठी शब्द आहे, फारसी शब्द आहे आणि जेरुसलेमचे दुःखही आहे.

सणांखेरीज नवसाचे प्रसंग असतात. आजारी माणूस बरा झाला, मुलगा परीक्षेत उतरला, लांबचा प्रवास सुखरूप झाला, लग्न ठरले, की 'मलिदा' करतात. पोहे भिजवून त्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडे घालतात. भोवती पाच प्रकारची फळे मांडतात आणि एलियाहू प्रेषिताचे नाव घेऊन, आशीर्वादाची गीते म्हणून सर्वांना वाटतात. गलबत फुटले तेव्हा याच प्रेषिताने येऊन आपल्या पूर्वजांना जीव दिला, अशी त्यांची श्रद्धा आहे. अलिबागेजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरील खुणा एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या आहेत, असे भाविक मानतात. मलिदा जगातल्या इतर कोणत्याही देशाच्या ज्यू लोकांत या रूपात नाही. तो कोकणातला.

कोकणातली म्हणावी, खरे तर साऱ्या महाराष्ट्रातली म्हणावी, अशी आणखी एक गोष्ट या लोकांनी आपलीशी केली. ती म्हणजे कीर्तन. गोरोबाकाकांच्या तेरमध्ये किंवा पंढरपुरात वाढलेल्या मुलाला कीर्तन म्हणजे काय, हे सांगावयास नको. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्रायल तरुणांच्या मनात आले, की आपल्या मुलाबाळांना आणि बायकांना हिब्रू कळत नाही; धर्मग्रंथातील कथा त्यांनी ऐकाव्या कशा? त्यांनी हरिदासांची कीर्तने ऐकली होती. त्याच पद्धतीने त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद यांची आख्याने मराठीत रचली. साक्या, दिंड्या, ओव्या, आर्या. पेटी, तबला आणि झांजा. मध्ये उभा कीर्तनकार आणि मागे साथीदार. मिसर देशात विकला गेलेला योसेफ आणि त्याचे दुष्ट भाऊ यांची कथा मराठी चालींवर ऐकताना श्रोत्यांचे डोळे भरून येत. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या कीर्तनकारांत फार नावाजलेले होते. पुढच्या काळात ही परंपरा मुख्यत्वे स्त्रियांनी जतन केली. प्रार्थनामंदिरात ज्यांची गणती दहांत होत नव्हती, त्यांनी समाजाची गाणी मात्र सांभाळली.

ग्रंथरचनाही झाली. योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) या विद्वानाने हिब्रू प्रार्थनांचे मराठी भाषांतर केले. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याच्या सणाला वाचावयाचे एक पुस्तक १८७४ साली पुण्यास छापले गेले. त्यात हिब्रूबरोबर मराठी अर्थ होता. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. चित्र मिसरातून सुटलेल्या लोकांच्या सणाचे आणि घर कोकणातले! हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. मुंबईत १८७५ साली शाळा काढली. तीत हिब्रूबरोबर मराठी व इंग्रजीचे शिक्षण मिळू लागले.

प्रार्थनामंदिर हे केवळ प्रार्थनेचे ठिकाण नव्हते. गावातील मुकादम समाजाचा प्रमुख. 'गबई' हा खजिनदार. 'शमाश' हा मंदिराची झाडलोट आणि दिवाबत्ती पाहणारा. जमलेल्या वर्गणीतून विधवांना आणि निराधारांना मदत जाई, दफनभूमीची देखभाल होई. भावाभावांतील वाटणीचे तंटे सरकारी कचेरीत जाण्यापूर्वी येथे येत, आणि पुष्कळदा येथेच मिटत. लग्न लागे ते येथे, आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला की त्या घरी दहा पुरुषांनी जमून प्रार्थना म्हणावी, याची व्यवस्थाही येथूनच होई. दुःखाच्या घरातही दहा लागतातच.

मग ही दाट वस्ती विरळ का झाली? पहिली गळती मुंबईकडे लागली. गिरण्या, गोदी, रेल्वे आणि सैन्य यांत चाकऱ्या मिळू लागल्या. गावचा घाणा मागे पडला. या लहान समाजाने शहरात मोठे नाव काढले. डॉ. एलिजा मोझेस हे १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड या विख्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. कवी निस्सिम एझिकेल याच समाजातले.

दुसरी गळती त्याहून मोठी. १९४८ साली इस्रायल हे ज्यू लोकांचे राष्ट्र स्थापन झाले. ज्या नगरीकडे तोंड करून शतकानुशतके प्रार्थना केली, ती नगरी जाऊन पाहावी, तिच्या देशात राहावे, असे अनेकांना वाटले. कुटुंबेच्या कुटुंबे बोटीने आणि विमानाने निघून गेली. तेथे सर्व काही सुरळीत झाले, असे नाही. हे काळेसावळे, मराठी बोलणारे लोक खरोखर ज्यू आहेत काय, अशी शंका तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी काढली. दावीद रहाबीला माशांवरून जे पटले, ते यांना पटेना. बेने इस्रायल लोकांनी त्याविरुद्ध सत्याग्रहाच्या मार्गाने चळवळ केली. अखेर १९६४ साली इस्रायलच्या लोकसभेने, हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले.

मागे राहिलेले लोक थोडे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातील ज्यू लोकांची संख्या पाच हजारांच्या आत भरली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. मुंबई आणि ठाणे येथे प्रार्थनामंदिरे अजून गजबजतात. कोकणातल्या लहान गावांत मात्र मोजकीच घरे उरली आहेत. इमारत आहे, पडदा आहे, गुंडाळी आहे. प्रश्न पडतो तो दहांचा. सणाच्या दिवशी शेजारच्या गावांतून माणसे बोलवावी लागतात. एखाद्या घरी मुलगा बारा वर्षांचा झाला, की त्याचे तेरावे वर्ष केव्हा लागते आणि संपते, याकडे त्याच्या आईबापांइतकेच प्रार्थनामंदिराचेही लक्ष असते.

तिकडे गेलेले लोक महाराष्ट्राला विसरलेले नाहीत. दिमोना, अश्दोद, लोद या इस्रायलमधील गावांत मराठी बोलणारी घरे आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघत आले आहे. नवस फेडावयाचा झाला, की तेथेही पोहे भिजतात, खोबरे किसले जाते. आणि दरवर्षी त्यांतील काही जण इकडे येतात. नवगावच्या किनाऱ्यावरील ते उंचवटे पाहतात, खंडाळ्याच्या खडकाला हात लावतात आणि इस्रायल आळीत येतात. आजोबांचे घर कोणते, ते मुलांना दाखवितात. मग सगळे मिळून प्रार्थनामंदिरात जातात. आळीतले चारपाच, पाहुण्यांतले पाचसहा. कोणी तरी मोजणी करतो; संख्या दहा भरते. पश्चिमेच्या भिंतीवरचा पडदा बाजूस सरकतो आणि गुंडाळी बाहेर काढून चौथऱ्यावर ठेवतात.